दोन पत्रं आणि एक अंगठी: बर्गंडीच्या मेरीने नवरा कसा निवडला

प्रकरण अभ्यासात नावं-गावं बदलायची रीत आहे. इथे ती पाळलेली नाही. प्रकरण १४७७ सालचं, त्यातली माणसं केव्हाच मातीआड झाली, आणि त्यांच्या पत्रांची नि करारनाम्यांची चर्चा गेली साडेपाच शतकं उघड्यावर चालू आहे. नावं झाकली असती तर कुणाबद्दल बोलतोय हेच कळलं नसतं.

मुलगी १९ वर्षांची. आई लहानपणी गेलेली, भाऊ नाही, बहीण नाही. वडील जानेवारीत लढाईत मारले गेले आणि युरोपातल्या सर्वांत श्रीमंत मुलुखांपैकी एकाची ती एकटी वारस ठरली. स्थळं दाराशी उभी होती, त्यातली काही तलवार हातात घेऊनच. साडेसात महिन्यांत तिचं लग्न झालं.

ऐतिहासिक प्रेमकथांना ही गोष्ट फार मानवते. संकटात सापडलेली राजकन्या, चकाकत्या चिलखतातला १८ वर्षांचा राजपुत्र, मेणबत्त्यांच्या उजेडातली पहिली भेट. ते सगळं घडलंही. पण या प्रकरणाचा कणा मला तिथे दिसत नाही. तो दिसतो मेरीच्या दोन पत्रांत. पहिलं पत्र समोर आलं तेव्हा तिने ते नाकारलं आणि दोन माणसांची मुंडकी उडाली. काही आठवड्यांनी दुसरं समोर आलं तेव्हा तिने ते कबूल केलं आणि लग्न ठरलं.

पार्श्वभूमी

बर्गंडीचे ड्यूक नावाला ड्यूक, पण थाट राजाचा. मूळ बर्गंडी आजच्या फ्रान्समध्ये, आणि खरा पैसा उत्तरेला: फ्लँडर्स, ब्राबांट, हॉलंड, झीलंड, एनो. म्हणजे साधारण आजचा बेल्जियम आणि नेदरलँड्स. गेंट आणि ब्रुजसारखी कापडावर आणि व्यापारावर गब्बर झालेली शहरं त्यात होती. काही मुलूख फ्रान्सच्या राजाच्या छत्राखालचा, काही जर्मन सम्राटाच्या. दोघांना मान द्यायचा आणि दोघांचं ऐकायचं नाही, असा या घराण्याचा तीन पिढ्यांचा कारभार होता.

मेरीचा जन्म १३ फेब्रुवारी १४५७ ला ब्रसेल्समध्ये झाला. तेव्हा फ्रान्सचा युवराज लुई आपल्या बापाशी भांडून बर्गंडीच्या आश्रयाला आलेला होता. बाप्तिस्म्याच्या वेळी तोच तिचा धर्मपिता झाला. हे लक्षात ठेवा, कारण वीस वर्षांनी हाच लुई, आता फ्रान्सचा राजा लुई अकरावा, आपल्या या मानसकन्येचं घर लुटायला निघणार आहे.

मेरी आठ वर्षांची असताना आई वारली. १४६८ मध्ये वडिलांनी, म्हणजे धाडसी चार्ल्सने, इंग्लंडच्या राजाची बहीण यॉर्कची मार्गारेट हिच्याशी लग्न केलं. तिला मूल झालं नाही. सावत्र आई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते इथे पुसून टाकायला हवं. या बाईने मुलीला जीव लावला, आणि पुढे जे काही जमलं त्यात तिचा वाटा मोठा आहे.

चार्ल्सला मुलीचं लग्न करायचं होतं असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. त्याला मुलीचं लग्न *ठरवत राहायचं* होतं. फ्रान्सच्या राजाचा भाऊ, लॉरेनचा ड्यूक, सव्हॉयचा वारस, ऑस्ट्रियाचा मॅक्सिमिलियन: ज्याच्याशी दोस्ती हवी त्याच्यापुढे मुलीचं नाव ठेवायचं आणि गरज संपली की बोलणी थंड करायची. १४७३ च्या शरद ऋतूत तो ट्रियर शहरात सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकला भेटला. सम्राटाच्या मुलाला, म्हणजे याच मॅक्सिमिलियनला, मुलगी द्यायची आणि बदल्यात आपल्याला राजमुकुट घ्यायचा, असा सौदा होता. सुमारे दोन महिने मेजवान्या झाल्या. मग एके दिवशी सम्राट निरोपही न घेता नावेत बसून निघून गेला. बैठक मोडली ती अशी.

तरी स्थळ पुरतं मोडलं नव्हतं. पुढे चार्ल्सचे दिवस फिरले. १४७६ मध्ये स्विस लोकांनी त्याला ग्रांसों आणि मुर्टेनला लागोपाठ हरवलं आणि त्याला सम्राटाची गरज पुन्हा वाटू लागली. बोलणी जुळली, आणि वडिलांच्या सांगण्यावरून मेरीने मॅक्सिमिलियनला स्वतःच्या हातचं पत्र आणि हिऱ्याची अंगठी पाठवली. पत्रात तिची संमती होती. तेव्हा या पत्राला कुणी फारसं मोजलं नसेल. अशी वचनं चार्ल्सने कितींना दिली होती!

अडचण

५ जानेवारी १४७७. नान्सीच्या वेशीबाहेर बर्फात चार्ल्सच्या सैन्याची धूळधाण झाली. दोन दिवसांनी त्याचं प्रेत गोठलेल्या डबक्यात सापडलं. चेहरा लांडग्यांनी कुरतडलेला होता. जुन्या जखमांच्या खुणा आणि लांब नखं यांवरून ओळख पटली.

मेरी आणि मार्गारेट तेव्हा गेंटमध्ये होत्या. खजिना रिकामा, फौज संपलेली. लुईने क्षणाचाही उशीर केला नाही. बर्गंडीची डची, म्हणजे ड्यूकचा मूळ मुलूख, ही फ्रान्सच्या राजघराण्याने धाकट्या पातीला दिलेली जहागीर. पुरुष वारस नसेल तर ती परत राजाकडे यायला हवी, हा त्याचा मुद्दा. डचीपुरता त्यात कायद्याचा थोडा जीव होता. पण तो तिथे थांबला नाही. पिकार्डीची शहरं घेतली, आर्त्वामध्ये घुसला, फ्रान्श-कोंतेत फौजा पाठवल्या. आणि त्याच वेळी गोड आवाजात सांगू लागला की आपल्या धर्मकन्येचं रक्षण करायलाच आपण आलो आहोत, तिने आपल्या मुलाशी लग्न करावं म्हणजे सगळं घरातल्या घरात राहील.

घरात वेगळीच आग. चार्ल्सने लढायांसाठी शहरांना करांनी पिळलं होतं, त्यांचे जुने हक्क काढून घेतले होते. आता गादीवर एकटी मुलगी. ११ फेब्रुवारीला प्रांतांच्या प्रतिनिधींनी तिच्याकडून सनद लिहून घेतली. इतिहासात ती ‘महासनद’ म्हणून ओळखली जाते. प्रतिनिधी स्वतःहून एकत्र जमू शकतील, त्यांच्या संमतीशिवाय युद्ध नाही, चार्ल्सने मेखेलेनला काढलेलं वरिष्ठ न्यायालय बंद, कारभार लोकांच्या भाषेत. लग्नाच्या बाबतीतही नातलग आणि प्रतिनिधी यांच्या संमतीचं बंधन तिच्यावर आलं.

या सनदेकडे मेरीचा अपमान म्हणून पाहायची सवय आहे. मला ते पटत नाही. त्यातल्या बऱ्याच मागण्या रास्त होत्या, आणि सही केल्यामुळे प्रांत निदान तिच्या बाजूने उभे राहिले. अडचण पुढच्या पावलात झाली.

पहिलं पत्र

लुईशी बोलणी करायला मेरीने वडिलांचे दोन विश्वासू मंत्री पाठवले: कुलमुखत्यार उगोने आणि आंबेरकूरचा सरदार. त्यांच्याबरोबर खाजगी पत्र दिलं. आपला कारभार चार जणांच्या सल्ल्याने चालेल, राजाने त्यांच्याशीच बोलावं, असं त्यात होतं. चार जण म्हणजे सावत्र आई मार्गारेट, नात्यातला राव्हेनस्टाइनचा सरदार, आणि हे दोन मंत्री. गेंटच्या लोकांचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

इकडे प्रतिनिधींनी स्वतःचं शिष्टमंडळ लुईकडे धाडलं. आमच्या बाईसाहेब आमच्या सल्ल्यानेच चालतात, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. लुई हसला असावा. तुमच्या बाईसाहेबांचा तुमच्यावर भरवसा नाही, असं म्हणून त्याने ते खाजगी पत्र काढून त्यांच्या हातात ठेवलं. कुणाच्या घरात भांडण लावायचं तर त्यांच्याच अक्षरातला कागद पुरेसा असतो, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

शिष्टमंडळ गेंटला परतलं. भरसभेत विषय निघाला. मेरीने आपण असं काही लिहिलंच नाही म्हणून ठामपणे सांगितलं. तेव्हा त्यांच्यातल्या एकाने छातीशी ठेवलेलं पत्र काढून सगळ्यांसमोर तिच्यापुढे धरलं.

हा प्रसंग फिलिप द कॉमीन याने लिहून ठेवला आहे. तो आधी चार्ल्सच्या पदरी होता आणि १४७२ मध्ये लुईकडे गेला. म्हणजे दोन्ही घरचं मीठ खाल्लेला साक्षीदार. तो नंतर आठवून लिहितो आणि त्याला आपल्या शहाणपणाचं कौतुकही आहे, तेवढं गृहीत धरून वाचावं लागतं. पण या प्रकरणाच्या आतल्या गोष्टी इतक्या जवळून सांगणारा दुसरा माणूस नाही.

निर्णयाच्या दृष्टीने पाहिलं तर मेरीपुढे त्या क्षणी दोन वाटा होत्या. ‘हो, लिहिलं, सनद देण्याआधी मला ज्यांचा आधार होता त्यांची नावं लिहिली’ असं म्हणणं, किंवा नाकारणं. पत्र आपल्याविरुद्ध बाहेर पडलं असेल हे तिच्या मनातही आलं नसणार. एक राजा दुसऱ्याचं खाजगी पत्र असं बाजारात मांडेल, हे तिच्या शिकवणीत बसणारं नव्हतं. तिने नाकारलं. उगोने आणि आंबेरकूर यांना पकडलं गेलं, त्यांचे हाल केले गेले, घाईघाईने खटला उरकला. मेरी सुतकी कपड्यांत, डोक्याला साधा रुमाल बांधून चौकात गेली आणि जमावापुढे हात जोडून त्यांच्या जिवाची भीक मागू लागली. काहींचं मन द्रवलं, आणि भाले घेऊन दोन तट समोरासमोर उभे राहिले म्हणतात. पण ज्यांना मारायचं होतं त्यांची संख्या जास्त होती. ३ एप्रिलला तिच्या देखत दोघांचा शिरच्छेद झाला.

मग मार्गारेटलाही तिच्यापासून दूर केलं गेलं. आता मुलगी खरोखर एकटी.

समोरची स्थळं

या परिस्थितीत एकेक स्थळ बघू. कथांमध्ये उमेदवारांची रांग लावून नायिका गुण जुळवताना दाखवतात. इथे प्रत्येक नवऱ्यामागे कुणीतरी वेगळाच उभा होता, आणि खरी निवड त्या मागच्या माणसाची होती.

फ्रान्सचा युवराज चार्ल्स सहा वर्षांचा होता. बाप राजा, स्थळ सर्वांत मोठं, आणि होकार दिला तर युद्ध थांबण्याची शक्यता. पण ते लग्न म्हणजे आणखी कित्येक वर्षं सासऱ्याचं राज्य. मेरीच्या पदरची वडीलधारी बाई, हालविन घराण्यातली, हिने यावर केलेला शेरा कॉमीनने नोंदवला आहे: इथे गरज पुरुषाची आहे, पोराची नाही, बाईसाहेब मूल व्हायच्या वयाच्या आहेत आणि राज्याला तेच हवंय. ती बाई वधूपक्षाच्या बैठकीत बसलेल्या आपल्याकडच्या एखाद्या आत्याबाईसारखी मला दिसते. बाकीचे राज्यशास्त्र बोलत असताना हिने मुद्द्याला हात घातला.

इंग्लंडकडून मार्गारेटच्या मनात तिचा भाऊ क्लॅरेन्सचा ड्यूक जॉर्ज होता. तो १४७६ च्या डिसेंबरातच विधुर झाला होता. पण थोरला भाऊ, राजा चौथा एडवर्ड, याला या भावाचा काडीचा भरवसा नव्हता. बर्गंडीची फौज हाती आली तर तो माझ्याच गादीवर चालून येईल, ही त्याची धास्ती. त्याने नकार दिला. त्याऐवजी त्याने आपल्या बायकोचा भाऊ, अर्ल रिव्हर्स, पुढे केला. युरोपातल्या सर्वांत मोठ्या वारसाला एक साधा अर्ल! ते स्थळ हसण्यावारी गेलं. क्लॅरेन्सला पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १४७८ मध्ये, भावाने राजद्रोहाच्या आरोपाखाली मृत्युदंड दिला. म्हणजे एडवर्डचा संशय निदान त्याच्यापुरता खरा होता.

घरचं स्थळ म्हणजे क्लेव्हच्या ड्यूकचा मुलगा. नात्यातलं घर, जवळचा मुलूख, ओळखीची भाषा. आणि बाप स्वतः गेंटमध्ये ठाण मांडून बसलेला, मेरीला कोण भेटतंय यावर नजर ठेवून. राव्हेनस्टाइनच्या घरातला, दरबारातच वाढलेला फिलिप याचंही नाव घेतलं जाई. या घरच्या स्थळांत एक मोठी खोट होती: फ्रान्सशी लढायची ताकद त्यांच्यात कुणाकडेच नव्हती.

गेंटमधल्या काहींना गेल्डर्सचा अडॉल्फ हवा होता. या गृहस्थाने एके काळी स्वतःच्या बापाला कैदेत टाकलं होतं, म्हणून चार्ल्सने त्याला तुरुंगात घातलं होतं. आता गेंटकरांनीच त्याला सोडवून आपला सेनापती केलं. चाळिशीला टेकलेला, हातात फौज, आणि शहराच्या मेहेरबानीवर जगणारा. शहराला सोयीचा जावई. मेरीसाठी तो नवरा झाला असता तर तिचा पहारेकरीही तोच.

राहिला मॅक्सिमिलियन. सम्राटाचा एकुलता एक हयात मुलगा, १८ वर्षांचा, धडधाकट. ब्राबांट, हॉलंड, एनो, लक्झेंबर्ग हे प्रांत सम्राटाच्या छत्राखालचे, त्यामुळे तिथला तिचा वारसा त्या बाजूने पक्का होणार होता. गेंटच्या गल्लीत त्याचा कुणी हस्तक नव्हता, आणि लुई त्याच्या बापाला भीत नव्हता तरी डोळ्याआड करू शकत नव्हता. उणी बाजू अशी: बाप नावाजलेला कंजूष, पोराजवळ ना पैसा ना फौज, तिची भाषा त्याला येत नव्हती आणि त्याची तिला. शिवाय तो होता ऑस्ट्रियात, शेकडो कोस लांब.

हे लांब असणंच मला निर्णायक वाटतं. जवळच्या प्रत्येक स्थळामागे तिच्या दारात उभा असलेला एक मालक होता.

दुसरं पत्र

एप्रिलच्या मध्याला सम्राटाचे वकील येऊ लागले. क्लेव्हच्या ड्यूकने त्यांना वाटेतच, ब्रसेल्सला, थांबायला सांगितलं. निरोप येईपर्यंत पुढे येऊ नका. इथे मार्गारेट कामी आली. मुलीपासून तोडलेली असूनही तिने गुपचूप वकिलांना कळवलं: थांबू नका, थेट गेंटला या, आणि भेटीत काय करायचं तेही सांगितलं.

वकील आलेच म्हटल्यावर क्लेव्हने दुसरी खेळी केली. त्याने मेरीला पढवलं की पाहुण्यांचं स्वागत करायचं, आपल्या मंत्रिमंडळाशी बोलून कळवते म्हणायचं, आणि त्यापुढे एक शब्द नाही. मंत्रिमंडळात बहुमत कुणाचं ते त्याला माहीत होतंच. मेरी हो म्हणाली.

भरसभा तीच. शहर तेच, आणि बहुतेक चेहरेही तेच, ज्यांनी काही आठवड्यांपूर्वी तिला खोटं बोलताना पकडलं होतं. वकिलांनी जुनी बोलणी आठवून दिली आणि मग एक पत्र आणि हिऱ्याची अंगठी पुढे ठेवली. हे पत्र आपलंच का, ही अंगठी आपलीच का, आणि त्यातलं वचन आपण पाळणार का?

कुणाशीही न बोलता, क्लेव्हकडे न बघता तिने उत्तर दिलं. पत्र मी लिहिलं, अंगठी मी पाठवली, माझ्या वडिलांच्या आज्ञेवरून. त्यात जे लिहिलंय ते मला मान्य आहे.

बस. क्लेव्ह संतापला आणि थोड्याच दिवसांत गेंट सोडून गेला.

हे उत्तर नीट तपासून बघण्यासारखं आहे. ‘मला मॅक्सिमिलियन हवा’ असं ती म्हणाली असती तर महासनदेचा भंग झाला असता. लग्नाला संमती हवी होती. ‘विचार करून सांगते’ म्हणाली असती तर निर्णय क्लेव्हच्या खिशात गेला असता. तिने म्हटलं की निर्णय आधीच झालेला आहे, सनदेच्या आधीचा, वडिलांच्या हयातीतला; मी फक्त माझं अक्षर ओळखते आहे. मेलेल्या बापाचा शब्द मोडा असं भरसभेत कोण म्हणणार? जो बाप तिच्या नावाने वचनं वाटत फिरला, त्याच्या एका वचनाची तिने ढाल केली. पहिल्या पत्राच्या वेळी ती कागदापासून पळाली होती आणि कागद तिच्या मागे लागला. या वेळी ती त्याच्यासमोर उभी राहिली. गेंटच्या चौकातलं रक्त वाळायच्या आत ती हे शिकली, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

ही चाल तिची का मार्गारेटची? वकिलांना पढवलं मार्गारेटने, यात शंका नाही. पण ऐनवेळी तोंड उघडायचं होतं ते मेरीला, आणि शेजारी सावत्र आई नव्हती.

वाट पाहण्याचे चार महिने

२१ एप्रिलला प्रतिनिधीविवाह झाला. मॅक्सिमिलियनच्या जागी बव्हेरियाच्या घराण्यातला एक ड्यूक उभा राहिला. रिवाजाप्रमाणे तो चिलखतात वधूशेजारी पलंगावर आडवा झाला आणि मध्ये नागवी तलवार ठेवली, असं सांगतात.

आणि मग नवरदेव येईना. प्रवासाला पैसे नव्हते. कोलोनपर्यंत आला आणि तिथे अडकला. अखेर मार्गारेटने पैसे पाठवले तेव्हा वरात पुढे सरकली. जावयाला आणायचा खर्च मुलीकडच्यांनी केला, हे वाचून आपल्याकडचे काही लोक मान डोलावतील.

दरम्यान लुईच्या फौजा एनोमध्ये जाळपोळ करत होत्या. अडॉल्फ जूनमध्ये तूर्नेच्या वेशीवर फ्रेंचांशी लढताना मारला गेला. निवडलेलं स्थळ येईपर्यंत तग धरायची सोय या निर्णयात नव्हती, ही त्याची मोठी कच्ची बाजू. ती प्रांतांनी भरून काढली. फ्रेंच आक्रमणाने ज्यांचं घर जळत होतं ते लोक सनद देणाऱ्या मेरीच्या बाजूने लढले.

१८ ऑगस्टला संध्याकाळी मॅक्सिमिलियन गेंटमध्ये आला आणि १९ ला सकाळी लग्न लागलं. वधूने अंगावर एक फूल लपवलं होतं आणि वराला ते शोधायचं होतं, ही आख्यायिका तेव्हापासून चालत आली आहे. एकमेकांची भाषा येत नसताना हा खेळ बराच बरा, म्हणायचं! त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने एका मित्राला पत्र लिहिलं. बायकोची गोरी कांती, तपकिरी केस, तिचा शिकारीचा नाद, तिचे बहिरी ससाणे, असं सगळं त्यात आहे. इथे शांतता असती तर आपण गुलाबाच्या बागेत असल्यासारखे राहिलो असतो, असंही तो लिहितो. प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी खुशाल इथून सुरुवात करावी.

निष्पत्ती

मेरीने ज्यासाठी हे स्थळ निवडलं ते काम त्याने केलं. ७ ऑगस्ट १४७९ ला गिनगातच्या लढाईत मॅक्सिमिलियनने, मुख्यतः फ्लेमिश पायदळाच्या भाल्यांच्या जोरावर, फ्रेंचांना हरवलं. मूळ बर्गंडी परत आली नाही, पण नेदरलँड्सचे प्रांत टिकले. १४७८ मध्ये मुलगा फिलिप झाला, १४८० मध्ये मुलगी मार्गारेट. तिसरं मूल जगलं नाही.

मार्च १४८२ मध्ये ब्रुजजवळ शिकारीत मेरीचा घोडा अडखळला आणि ती पडली. २७ मार्चला ती गेली. वय २५.

आणि निर्णयातली दुसरी कच्ची बाजू इथे उघडी पडली. नवरा म्हणून मॅक्सिमिलियन चालला, पण चार वर्षंही पूर्ण न झालेल्या वारसाचा पालक म्हणून फ्लँडर्सला तो परका वाटला. गेंटने मुलं आपल्या ताब्यात ठेवली आणि त्याच्या डोक्यावरून लुईशी तह केला. २३ डिसेंबर १४८२ च्या आरासच्या तहाने तीन वर्षांचीही न झालेली मार्गारेट फ्रान्सच्या त्याच युवराजाला देऊ केली गेली, ज्याला तिच्या आईने नाकारलं होतं. हुंड्यात आर्त्वा आणि फ्रान्श-कोंते. १४८८ मध्ये तर ब्रुजच्या लोकांनी खुद्द मॅक्सिमिलियनला काही महिने कोंडून ठेवलं.

लांबचा परिणाम सगळ्यांना ठाऊक असलेला. फिलिपचा मुलगा चार्ल्स १५०० साली गेंटमध्येच जन्मला आणि सम्राट पाचवा चार्ल्स झाला. त्याचा मुलगा, स्पेनचा दुसरा फिलिप, १५८० मध्ये पोर्तुगालच्या गादीवर आला, आणि त्याबरोबर गोवा, वसई, चौलही त्याच्या छत्राखाली गेले. मेरीचा पणतू आपल्या किनाऱ्याचा धनी झाला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक लुईने केली, असं खुद्द त्याचा माणूस कॉमीन म्हणतो. सहा वर्षांच्या पोराचा हट्ट सोडून त्याने आपल्या घराण्यातला तरुण आंगुलेमचा सरदार चार्ल्स पुढे केला असता तर मेरी तयार झाली असती आणि सगळा मुलूख न लढता फ्रान्सच्या मांडवाखाली आला असता. मला हे पटतं. लुईला मुलगी आणि मुलूख दोन्ही हवे होते आणि मुलगी हो म्हणायच्या आतच तो मुलूख घेऊ लागला. या आंगुलेमचा मुलगा पुढे फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस झाला आणि जन्मभर मेरीच्या नातवाशी लढत राहिला.

पहिल्या पत्रात मेरीने चार नावांत एक गेंटचं घातलं असतं तर? कदाचित दोन मुंडकी वाचली असती. सनदेनंतर तरी नवं पत्र धाडून जुनं रद्द करायला हवं होतं. पण शोकातल्या, अननुभवी मुलीला हा सल्ला द्यायचं काम ज्यांचं होतं तेच दोघे त्या पत्राचे लाभार्थी होते.

पालकत्वाचा प्रश्न मात्र टाळता आला असता. लग्न ठरवताना आणि नंतरच्या साडेचार वर्षांत, आपण गेलो तर मुलांचा कारभार कोण बघणार, यावर प्रांतांची पक्की संमती घ्यायला हवी होती. ज्या शहरांनी तिला सनद लिहायला लावली त्यांना आणखी एक कागद लिहायला लावणं अशक्य नव्हतं. पंचविशीत कोण मरणाचा विचार करतं, हे उत्तर समजतं; तरी बाळंतपणात बायका सर्रास मरत त्या काळात ते पुरत नाही.

मॅक्सिमिलियनने तर स्वतःच्या यशातूनही धडा घेतला नाही. १४९० मध्ये त्याने फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी मुलुखाची वारस ॲन हिच्याशी असाच प्रतिनिधीविवाह केला आणि पुन्हा वेळेत पोचला नाही. या वेळी फ्रान्सचा राजा आधी पोचला. तो राजा म्हणजे मेरीने नाकारलेला तोच पोरगा, आता आठवा चार्ल्स. १४९१ मध्ये त्याने ॲनशी लग्न केलं आणि आपल्याकडे वाढलेल्या मार्गारेटला सोडून दिलं.

मार्गारेट १४९३ मध्ये माहेरी परत आली, आणि सन्लिसच्या तहाने आर्त्वा आणि फ्रान्श-कोंते परत आले. तिचं पुढे दोनदा लग्न झालं आणि दोन्ही नवरे तरुणपणी वारले. मग इंग्लंडच्या सातव्या हेन्रीचं स्थळ आलं. बापाचा, मॅक्सिमिलियनचा, आग्रह होता. तिने नकार दिला, १५०७ मध्ये नेदरलँड्सचा कारभार हाती घेतला आणि मेखेलेनला दरबार थाटला. ज्या यॉर्कच्या मार्गारेटचं नाव तिला ठेवलं होतं, ती आजी वैधव्यात त्याच गावात राहत होती.